जी ओळ पत्रात नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिला तर मी शेजाऱ्यांच्या भानगडी अभिनयासकट करून दाखवतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. बसा. सुरुवातीला तुम्ही हसाल. मीच हसवीन. ती माझी खोड आहे, आणि सगळं तिच्यापासूनच सुरू झालं.

आमच्या गावात, उमेळ्यात, मला ओळखत नाही असा माणूस नाही. दिवसा मी शाळेत प्रयोगशाळा सहायक, आणि उरलेल्या वेळात माइक. हळद, साखरपुडा, क्रिकेटचे सामने, जत्रेत हरवलेली मुलं — सगळीकडे माझाच आवाज. एकदा हरवलेल्या पोराचं वर्णन मी इतकं रंगवून केलं, की त्याच्या आईने त्याला मिठी मारायच्या आधी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे गावात पक्ष निघाला तेव्हा त्याचा वक्ता मीच झालो, यात नवल नाही.

पक्ष म्हणजे केवढा? अख्खी कार्यकारिणी दोन रिक्षांत मावायची, आणि दुसऱ्या रिक्षात एक जागा रिकामीच राहायची. अध्यक्ष दामूकाका. केळीच्या वाडीचे मालक, ऐंशीला टेकलेले, अक्षर असं की छापखान्याने लाजावं. मागणी एकच. गावच्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, उपसून टँकर स्टेशनकडच्या इमारतींना पाणी नेतात, ते बंद करा. 'गावच्या विहिरीचा थेंबही टँकरला नाही' — ही ओळ काकांनी वीस वर्षं प्रत्येक पत्रकाच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहिली. एकदा आम्ही निवडणूकही लढवली. काकांच्या गणपतीला जेवून जातात त्याहून कमी लोकांनी आम्हाला मत दिलं. तेव्हापासून आम्ही स्वतः उभे राहायचं सोडलं आणि मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना पाठिंबा द्यायला लागलो.

आता असल्या बारक्या पक्षाच्या पाठिंब्याने मोठ्या उमेदवाराचं भलं होतं की वाटोळं? आमच्या नाक्यावर हा वाद अजून चालतो. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. ते म्हणायचे, "आपला पाठिंबा म्हणजे गावठी कोंबडीचा रस्सा. घरी वाढलास तर लोक वाटी पुढे करतील. हॉलच्या लग्नात वाढलास तर पाहुणे पानावरून उठतील." म्हणजे गावात पाठिंबा जाहीर करायचा, उमेदवाराला दोन-चार आळ्यांची मतं मिळतात. इमारतींत मात्र आपलं नावही काढायचं नाही. तिथे आम्ही म्हणजे नळ तोडणारी माणसं.

अशात सुनंदाताई उभ्या राहिल्या. विधानसभेची निवडणूक, मोठ्या पक्षाचं तिकीट. निवृत्त मुख्याध्यापिका, राहायला स्टेशनजवळच्या इमारतीत, माहेर कोकणात. त्या काकांच्या ओटीवर आल्या आणि तोंडावर नाही म्हणाल्या. "काका, टँकर उद्या बंद करीन असं मी सांगणार नाही. तिसऱ्या मजल्यावरची बाई प्यायला काय देईल पोरांना? आधी धरणाच्या पाण्याची लाइन आणू. मग टँकर आपोआप बंद. हे लेखी देते." ताई गेल्यावर काका मला म्हणाले, "मधू, वीस वर्षांत पहिलं माणूस आलं जे खोटं बोललं नाही." आणि त्यांनी पाठिंब्याचं पत्र लिहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या शेवटी ती ओळ नव्हती. मुद्दाम गाळली होती. मला दाखवूनही म्हणाले, "बघ, या वेळी गाळली."

हे लक्षात ठेवा.

मग उमेळ्यात सभा झाली, देवळाच्या पटांगणात. ताई यायच्या आधी मी माइक धरला आणि — खोटं कशाला सांगू — मी फॉर्मात होतो. टँकरवाल्याची नक्कल, नगरसेवकाची नक्कल. लोक लोळत होते. ताई आल्या, पाच मिनिटं थांबल्या, मग मंचावर येऊन हसतच म्हणाल्या, "दादा, नाटक पुरे. यांना पाण्याचं ऐकायचंय." मागून कुणीतरी बाई ओरडली, "आवर रे मध्या, बाई उभ्या हायत!" आणि पटांगण हसलं. माझ्या विनोदाला नव्हे. मला.

एवढंच. एवढ्याशा गोष्टीचं काय? तुम्ही विसरला असतात. मी विसरलो नाही.

मतदानाला चार-पाच दिवस उरले होते. इमारतींच्या मधल्या मैदानात ताईंची मोठी सभा होती. त्यांना दुसरीकडून यायला उशीर होणार होता, तोवर गर्दी धरून ठेवायला त्यांनी मलाच बोलावलं. बघा — त्यांच्या मनात काहीही नव्हतं. मी निघताना काकांनी पाठिंब्याचं पत्र माझ्या हातात दिलं. ताईंना द्यायला. तिथे वाचायला नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी ते वाचलं. छान वाचलं, आवाज चढवत, थांबे घेत. आणि शेवटी कागदावर डोळे ठेवूनच मी जी ओळ त्यावर नव्हती ती म्हटली — 'गावच्या विहिरीचा थेंबही टँकरला नाही.' वर जोडलं, "आणि हा शब्द ताईंनी आम्हाला दिलेला आहे!"

ओघात बोलून गेलो असं म्हणावंसं वाटतं. नाही. येताना रिक्षातच ठरवलं होतं. आवाज कुठे खाली आणायचा, तेही.

मैदान गप्प झालं. मी आयुष्यात इतकी शांतता मिळवली नव्हती. आणि सांगायला लाज वाटते — ती मला आवडली.

सकाळपर्यंत तो व्हिडिओ प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर होता. ताईंची कोंडी झाली. नाकारावं तर गाव जातं, गप्प बसावं तर इमारती जातात. त्यांनी खरं तेच सांगितलं — लाइन येईपर्यंत टँकर चालू राहतील. मग इमारतीतले म्हणाले, आता सारवासारव करते. गावातले म्हणाले, बाई फिरली. दोन्हीकडून गेल्या. थोडक्यात पडल्या. पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. ताईंनी लिहून ठेवलेलं लाइनचं ते आश्वासन द्यायचं राहिलं, त्यांच्याच घरी. टँकर अजून जातात, आणि काकांच्या विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं.

हे तरी एक वेळ राजकारण म्हणून सोडून देता येईल. मी ज्यासाठी लिहायला बसलोय ते पुढचं आहे.

निकालाआधीच काका माझ्या घरी आले. पायरीवरूनच म्हणाले, "मधू, ती ओळ तू कुठून आणलीस?"

मी म्हटलं, "काका, पत्रात होती."

"मी गाळली होती रे."

"होती, काका. सवयीने लिहिली गेली असेल. वय झालं आता."

"पत्र कुठाय?"

"गर्दीत कुठे पडलं कोण जाणे."

पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. आता ते शाळेत आहे, प्रयोगशाळेच्या कपाटात, लिटमस कागदाच्या डब्याखाली.

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. उजव्या. मग म्हणाले, "असेल. वीस वर्षांची सवय." पुढच्या आठवड्यात त्यांनी ओटीवर सगळ्यांना बोलावलं, 'चूक माझ्या हातची' म्हणून सांगितलं, आणि पक्ष मोडला. ताईंकडे माफी मागायला गेले, सोबतीला मला घेऊन. ताई म्हणाल्या, "अहो काका, माफी कसली? मतं काय एका ओळीवर जातात?" मलाही त्यांनी आग्रह करून दुसरा लाडू वाढला. मी खाल्ला.

इतकं पुरेसं होतं ना? मला नव्हतं. मी त्याचा किस्सा केला. 'पाठिंब्याने पाडलेली बाई' — हळदीत, बारशात, निवृत्तीच्या समारंभात. त्यात विसराळू म्हाताऱ्याची नक्कल मी अशी करतो की लोक डोळे पुसतात. काका समोर असले तरी करतो. ते सगळ्यांत आधी हसतात. नाक्यावरच्या वादात आता लोक तोच दाखला देतात — बारक्या पक्षाचा पाठिंबा घ्याल तर दामूकाकांची ओळ आठवा. मीही मान डोलावतो.

आणि काकांनी लिहायचं सोडलं. सोडलं म्हणजे — लिहितात, पण पाठवत नाहीत, मला दाखवल्याशिवाय. मुलीला पत्र, विजेच्या बिलाची तक्रार, परवा तर लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरचं नाव. "मधू, बघ रे, काही भलतं नाही ना लिहिलं?" वर्तमानपत्रातली बातमीही वाचून मग मला विचारतात, असंच आहे ना? त्यांच्या लिहिण्यात मला आजवर एक चूक सापडलेली नाही. मी दर वेळी कागद हातात घेतो, जरा वेळ लावतो आणि म्हणतो, ठीक आहे. ते म्हणतात, तू आहेस म्हणून बरं.

काकांना समोर बसून सांगता आलं असतं. घर दोन वाड्या सोडून आहे. तिथे जमलं नाही — इथे, चार लोकांसमोर, जमलं. हेही ओळखून आहे मी.

हे छापून आलं की काका वाचतील. ते जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचतील. मग कागद घेऊन दोन वाड्या चालत येतील आणि पायरीवरून विचारतील, मधू, मी हे बरोबर वाचलं ना?

बरोबर वाचलंत, काका.