सरांच्या नावाचा जंत

आमच्या जिल्ह्यात उसाखालोखाल कशाचं भरघोस पीक आलं असेल, तर ते शेळीच्या आतड्यातल्या नव्या प्रजातींचं. ही बातमी कुठे आली नाही, कारण ती आमच्या शोधनिबंधांत होती आणि आमचे शोधनिबंध आमच्याशिवाय कुणी वाचत नव्हतं. प्राणिशास्त्रात पीएचडी करायची तर रीत ठरलेली होती. मटणाच्या दुकानातून आतडी आणायची, ती चिरून त्यातले पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे लांबलचक जंत, काढायचे, त्यांची मापं घ्यायची आणि जुन्या पुस्तकातल्या मापांशी कुठे ना कुठे फरक दाखवून नवी प्रजाती जाहीर करायची. फरक सापडला नाही, असं आमच्या विभागात कधी झालं नाही.

नावं ठेवण्याचीही रीत होती. आधी मार्गदर्शक, मग मार्गदर्शकांचे मार्गदर्शक, मग तालुके. माझ्या सरांनी स्वतः सात प्रजाती शोधल्या होत्या. त्यांतली एक राहात्याच्या नावाची, एक नेवाशाच्या. या बहुमानाची त्या गावांना कल्पना नसल्यामुळे सरांचा सत्कार तेवढा राहून गेला. मी शोधलेल्या एकुलत्या एका प्रजातीला मी अर्थातच सरांचं नाव दिलं. शेळीच्या पोटातल्या जंताला आपलं नाव दिलं म्हणून माणसाने पेढे वाटावेत, हे फक्त आमच्याच विभागात घडू शकतं. सरांनी खरोखर वाटले होते, आणि मी दोन खाल्ले होते.

सर कट्टर शाकाहारी. स्टाफरूममध्ये कुणी डब्यात अंडं आणलं तर ते उठून खिडकीपाशी जाऊन बसत. जन्मभर शेळीच्या आतड्यांवर संशोधन केलं, पण मटणाच्या दुकानाची पायरी काही चढले नाहीत. ते काम विद्यार्थ्यांचं. श्रीरामपुरात एका चाचांचं दुकान होतं, तिथे मी सकाळी साडेसहाला स्टीलचा डबा घेऊन उभा राहायचो. गिऱ्हाइकं खिमा मागायची, मी आतडी मागायचो, आणि लोक माझ्याकडे कणवेने बघायचे. चाचांनी पहिले काही महिने काही विचारलं नाही. मग एकदा आतडं धुताधुता म्हणाले, "मास्तर, किडा एकच हाय. पावसाळ्यात लई, उन्हाळ्यात कमी. तुमी रोज नवीन काय शोधताय?"

मी त्यांना वर्गीकरणशास्त्र किती गुंतागुंतीचं असतं ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्याचं मटण तोलायला घेतलं.

जंत सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसावा म्हणून तो दोन काचांमध्ये दाबून, वरून दोरा गुंडाळून बांधायचा असतो. चपटा झाला की मग रंगवायचा. हा दोरा बांधणं ही आमच्या घराण्याची खास विद्या. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात ती दिली: दोन वेढे, एक गाठ, आणि गाठ अशी ओढायची की काच कुरकुरली पाहिजे. दोरा जेवढा घट्ट तेवढा विद्यार्थी मेहनती. मी फारच मेहनती होतो. माझ्या प्रजातीचं मुख्य वैशिष्ट्य असं नोंदलं गेलं की तिच्या शरीराचे खंड जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या प्रजातीपेक्षा बरेच रुंद आहेत. एवढ्या भांडवलावर मी डॉक्टर झालो, पुढे प्राध्यापक झालो आणि आता स्वतः इतरांना मार्गदर्शन करतो. देव त्यांचं भलं करो.

गेल्या वर्षी सरांची पंचाहत्तरी आली. पंचाहत्तरी म्हटली की गौरवग्रंथ आलाच. समितीने लेख मागितला, पण विषय सरांनीच सुचवला. फोनवर म्हणाले, की आता डीएनए वाचून कुठला जीव कुठल्या प्रजातीचा ते पक्कं सांगता येतं, तर आपल्या प्रजातीवर एकदाचं शिक्कामोर्तब होऊन जाऊ दे. मग म्हणाले, "मुलंबाळं नाहीत मला. नाव राहील ते एवढंच."

यानंतर नाही म्हणायची माझी काय बिशाद.

पुन्हा डबा घेऊन चाचांकडे गेलो. दाढी पांढरी झाली होती, पण त्यांनी ओळखलं आणि किडा सापडला का असं विचारलं. त्यांनी दिलेल्या आतड्यातून एक लांब, ताजा जंत निघाला. त्याचे मी तीन भाग केले. एक भाग दोरा सैल ठेवून बांधला, दुसरा सरांच्या पद्धतीने काच कुरकुरेपर्यंत. तिसरा अल्कोहोलमध्ये घालून पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. आत काय आहे असं कुरिअरवाल्याने विचारलं, तेव्हा मी जंत म्हणालो आणि त्याने पार्सल टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. मग आम्ही दोघांनी मिळून 'जैविक नमुना' असं लिहिलं.

रंगवून झाल्यावर दोन्ही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सैल बांधलेला तुकडा जुनी प्रजाती होता. घट्ट बांधलेला तुकडा, माझ्या प्रबंधातल्या मापाबरहुकूम, सरांच्या नावाची नवी प्रजाती होता. एकाच जंताचं डोकं एका प्रजातीचं आणि शेपूट दुसरीचं. पुण्याहून अहवाल आला तो निव्वळ चार अक्षरांच्या रांगाच रांगा असलेला. ती अक्षरं जगभरच्या डीएनए-नोंदींच्या साठ्याशी ताडून पाहिली, तर उत्तर आलं जुनी प्रजाती. चाचांनी हेच सांगितलं होतं, तेही आतडं धुताधुता.

आठवडाभर मी समितीला सर्दीखोकल्याची कारणं दिली. अहवाल दडपावा असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू. शेवटी कागद घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. दोन्ही तुकड्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले.

"दोरा किती ओढला होतास?"

"तुम्ही शिकवलात तेवढाच, सर."

त्यांनी घट्ट बांधलेल्या तुकड्याचा फोटो पुन्हा उचलून पाहिला. मला वाटलं, आता उठून खिडकीपाशी जाऊन बसतील. मग म्हणाले, "माझ्या नावाची प्रजाती रद्द करावी, असं स्वच्छ लिही. गौरवग्रंथातच लिही. दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा तू लिहिलेलं बरं." या माणसाची मी वर्षानुवर्षं नक्कल करून लोकांना हसवलं होतं.

तेवढ्यात त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. आत त्यांच्या सात प्रजातींच्या काचपट्ट्या होत्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात तालुक्याचं नाव. "यांचंही बघ," म्हणाले.

मी घाईघाईने सांगितलं, की रसायनात मुरलेल्या इतक्या जुन्या नमुन्यांतून डीएनए धड निघत नाही, तेव्हा या सातांचं काही सिद्ध होणार नाही. हे खरंच होतं. शिवाय सोयीचं होतं, आणि मी ते त्यांच्यासाठीच पुढे केलं होतं. संदर्भ दिल्याशिवाय माझं एक वाक्य कधी न मानणारे सर या वेळी तरी मानतील, अशी मला आशा होती.

सरांनी पेटीचं झाकण लावलं.

"जुन्यातून निघत नाही, पण ताज्यातून निघतं ना?" ते म्हणाले. "त्या चाचांचं दुकान सकाळी किती वाजता उघडतं? मी येतो तुझ्याबरोबर."