एका फांदीचं कापड

बाबांच्या हिंगण्याच्या कारखान्यात काही महिन्यांसाठी एक जपानी इंजिनिअर बाई आल्या होत्या. एका रविवारी बाबांनी त्यांना प्रताप नगरला आमच्या घरी जेवायला बोलावलं. येताना त्यांनी मिठाईचा डबा आणला, राखाडी कापडात बांधलेला. सोफ्यावर बसून त्या गाठ सोडायला लागल्या, तेवढ्यात आई "असू द्या, असू द्या" म्हणत अख्खं गाठोडंच आत घेऊन गेली. बाईंचे हात क्षणभर तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. मी सोडून कुणी पाहिलं नाही.

जेवण झाल्यावर बाई आणि मी गच्चीत उभ्या होतो. त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. आमच्याकडे पाहुणे आले की कुणीतरी मला "बोल की काही" म्हणतंच. त्या दिवशी गप्प राहणं अवघड वाटलं नाही.

त्या गेल्यावर आईने कापड पलंगावर पसरलं. सगळं मोकळं, फक्त एका कोपऱ्यात पांढऱ्या फुलांची बारीक फांदी.

"एवढं कापड अन् एकच फांदी. बाकीचं छापायले विसरले काय वं?"

मला ती मोकळी जागाच आवडली होती, पण आईला ते कसं सांगायचं कळेना.

ते हवेत राहिलेले हात डोक्यातून जात नव्हते. दोन-चार दिवसांनी इंटरनेटवर शोधलं. जपानमध्ये भेट दिली की बांधून आणलेलं कापड देणारा परत नेतो. तोवर आईने ते ब्लाउजपीस समजून शिवायलाही टाकलं होतं.

मी हे आईला सांगितलं नाही. आईला कळलं असतं तर ती बाईंसमोर पुन्हा उभी राहिली नसती. आणि न सांगावं, तर बाईंच्या मनात आम्ही कोण राहणार होतो?

बाई जपानला परत निघाल्या तेव्हा आईने त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं आणि नेमकं तेच ब्लाउज घातलं.

"आई, दुसरं घाल ना."

"काहून? तिनं दिलेलं तिले दिसू दे."

वाढायला आई वळली आणि बाईंना पाठीवरची फांदी दिसली. त्यांचा हात ताटातच थांबला. मी वरणाकडे बघत राहिले.

"मी हे कापड नेहमी घडी करून ठेवायचे," त्या हळूच मला इंग्रजीत म्हणाल्या. "ही फांदी चालताना कधी पाहिली नव्हती."

मी ते आईला मराठीत सांगितलं.

"मंग? मी काय सांगून राहिली होती तुले?"

निघताना आई ओटी भरायला आली आणि अडली. "आता ह्या पँटवालीची ओटी कशात भरू?"

बाईंनी ओटीच्या ताटातला खण उचलला, लाल, बुट्ट्यांनी गच्च भरलेला. तो मांडीवर पसरला. आईने नारळ, तांदूळ घातले. बाईंनी समोरासमोरची टोकं उचलून दोन गाठी मारल्या आणि छान गाठोडं तयार झालं. आई बघतच राहिली.

"थांब. तिले म्हण, ती गाठ मले पुन्हा दाखव."

मी सांगितलं. बाईंनी गाठ सोडली आणि आईचा हात धरून टोकं तिच्या बोटांत दिली. थोडे तांदूळ फरशीवर सांडले. त्यानंतर त्या दोघींना माझी गरज लागली नाही.