अननोन म्हणजे ओळख नसलेला

निपाणीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आप्पांनी माझी ट्रंक टपावर चढवली. तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेला माणूस; खिडकीशी आले तेव्हाही खोकत होते. म्हणाले, "इंग्रजीतला एकच शबुद आमच्या वाट्याला आलता गं, अनटचेबल. तू बाकीचं समदं शिकून ये." गाडी हलली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतून नर्सिंगला गेलेली मी पहिलीच.

पण बाकीचे शब्दही तसलेच निघाले. ट्यूटर सिस्टरांनी शिकवलं, शब्दाच्या आधी 'अन' नाहीतर 'इन' लागला की बहुतेकदा अर्थ 'नाही' होतो. अनकॉन्शस म्हणजे शुद्ध नाही. इनक्युरेबल म्हणजे बरा होणार नाही. मी पाठ करत गेले. हॉस्टेलच्या मुली माझ्या 'न्हाय'ला हसायच्या, तेही सोडलं. वर्षभरात जीभ पुण्याची झाली. तुमच्यातले जे गाव सोडून गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग आमच्या वॉर्डात एक माणूस आला. ट्रकनं उडवलेला, खिशात काही नाही. खाटेच्या पाटीवर नावाच्या जागी लिहिलं होतं, अननोन. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "कुणी आलं नाही तर अनक्लेम्ड."

"म्हणजे?"

"बेवारस."

दुसऱ्या दुपारी मी त्याचे ओठ ओले करत होते. तो पुटपुटला, "आक्का, लई तान लागलीया गं."

माझा हात थांबला. पुण्यात मला कुणी आक्का म्हटलं नव्हतं. वाकून विचारलं, "अण्णा, कंच्या गावचं तुमी?"

"काकती. बेळगावची." शिवाप्पा असं नाव सांगितलं आणि पुन्हा शुद्ध हरपली.

सिस्टरांनी पोलिसांकरवी निरोप धाडला. बायको आणि भाऊ आले. शिवाप्पानं डोळे उघडले, बायकोला ओळखलं. सकाळी गेला. पाटीवर तोवर त्याचं नाव आलं होतं.

निघताना त्याची बायको माझ्यापाशी आली. पुण्यात सगळे आधी आडनाव विचारायचे, आणि त्यावरून समजायचं ते समजायचे. तिनं विचारलं, "तू कुणाची गं बाई?"

"निपाणीच्या आप्पांची," म्हणाले आणि वर्षभर अडवलेलं रडू फुटलं. नवरा गेलेली ती, मलाच थोपटत राहिली.

आता मी पुण्याचीच झालेय. आप्पा नाहीत. भावानं जुनं घर पाडून नवं बांधलं. त्यात माझं काही नाही, आणि त्याचा रागही नाही. तरी दरवर्षी जाते. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी म्हातारी कपाळावर आडवा हात धरून बघते, "कुणाची गं तू?" मी सांगते.

"मग हुबी का? बस की."

घर आता एवढंच उरलंय. मी तिच्याशेजारी पायरीवर बसते.