बांधापलीकडची थोरली

आमच्या थोरल्या जावेला फार हिरवं झाड बघवत नसे. भातकापणी झाली की ओढ्याकाठच्या मळ्यात आम्ही दोघी टोमॅटो लावायचो, मध्ये फक्त एक बांध. माझी झाडं हिरवीगार, कमरेच्या वर गेलेली. ती बांधावर उभी राहून नाक मुरडायची, "हिरव्यानं पोट नाय भरत गो." दुसऱ्याचं चांगलं हिला सोसत नाही, असं मी विहिरीवर सगळ्या बायकांना सांगत असे. जळत मात्र मी होते.

कारण तिची झाडं बुटकी, पानं बेताची आणि फळ असं की काठीला बांधलेली सुतळी ताणून जायची. माझ्याकडे फुलं उशिरा यायची, त्यातली निम्मी गळायची. धसईच्या बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. गिऱ्हाईक माझ्या पाटीवरून नजर फिरवून तिच्या पाटीवर वाकायचं. एकदा तरी ते आधी माझ्याकडे वाकावं, एवढंच मला हवं होतं. त्या वर्षांत देवाकडे मी दुसरं काही मागितलं नसेल.

चूक आमच्या भाताच्या सवयीची. खाचर पिवळं दिसलं की मूठभर युरिया फेकायचा, चार दिवसांत हिरवं होतं, जीव थंड. टोमॅटोलाही मी तसाच फेकायची. थोरली लावणीआधीच सरीत शेणखताबरोबर सुपर फॉस्फेट गाडायची. युरिया तिचा चिमटीत, थोडा रोप रुजल्यावर, थोडा फळ धरल्यावर. "आधी मूळ, मंग फूल. पान काय, आपल्या पायानं येतं," म्हणायची. लपवून काही ठेवायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एका वर्षी ईर्ष्येनं मीही सुपरची गोण आणली आणि फुलं गळायला लागल्यावर झाडांच्या बुडाशी वरून ओतली. थोरली बांधावरून बघत होती.

"पंगत उठल्यावर पाट मांडलास गो," ती म्हणाली. "सुपर टाकशील तिथंच बसतं. युरियासारखं पाण्यामागं धावत नाय. मुळाच्या वाटेत आधीच पायजे."

मग बांध ओलांडून आली, माझ्या झाडांचे फालतू फुटवे खुडून दिले आणि जाताना माझ्याच चार मिरच्या तोडून घेऊन गेली. हे सगळं बघून नवरा म्हणाला, "वयनीकडून शिक जरा." त्या दिवशी मी त्याला अळणी आमटी वाढली.

पुढं थोरलीचे गुडघे धरले, तसं तिच्या मुलानं तिला आसनगावला आपल्या घरी नेलं. तिचा मळा माझ्या हवाली झाला. एसटीची वाट बघताना तिचं एकच चाललं होतं, "माझ्या जागेत यंदा सुपर नको टाकू. इतकी वर्षं गाडलंय, खाली हाय अजून." मी मान हलवली. मनात म्हटलं, आता बाजार माझा.

लावणी मी तिच्या जागेत केली. सुपर टाकलं नाही, युरियाचा हात आवरला. झाडं बुटकीच राहिली आणि फुलांनी भरली. फळ रंगायच्या आधीच थोरली आसनगावला वारली.

सुतक फिटल्यावर पाटी घेऊन धसईला बसले. शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. पहिलंच गिऱ्हाईक आलं आणि सरळ माझ्या पाटीवर वाकलं. जुना माणूस, दर बाजारी तिच्याकडून घेणारा. त्यानं एक टोमॅटो उचलून दाबून पाहिला.

"थोरलीचा माल दिसतो," तो म्हणाला.

लावले मी, पाणी शेंदलं मी, काठ्या रोवल्या मी, हे सगळं तोंडात आलं होतं. पण खाली तिचंच होतं.

"हो, तिचाच," मी म्हणाले.

म्हणताना जीव जळला, खोटं कशाला सांगू. सवयीनं मी शेजारी बघितलं, आता ही हसणार म्हणून. तिथे नुसती जमीन होती.