अपिलावर न केलेली सही

माझी बायको गेली, पण तिलाही हे कधी कळलं नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी राहात्याकडच्या बेलापुरातल्या एका तेलगिरणी कंपनीचा सेक्रेटरी होतो. नावाचाच, काम कारकुनाचं. इन्कमटॅक्सवाल्यांनी कंपनीवर भलताच कर बसवला. अपिलाला महिन्याची मुदत. सही डायरेक्टर नानासाहेबांची लागायची आणि ते पुण्याला इस्पितळात. त्यांनी सहीचा अधिकार मला देणारं पत्र लिहिलं. गिरणीचा शिपाई सखाराम ते घेऊन आला.

फॉर्मच्या शेवटी छापलेलं होतं – वरील मजकूर खरा असल्याचं मी जाहीर करतो. खोटा निघाला तर तुरुंग. मजकूर खरा होता का? असेलही. पण टाक उचलायचो, ती ओळ पुन्हा वाचायचो आणि टाक खाली ठेवायचो. उद्या करू, म्हणायचो. किती उद्या? मुदत टळली.

नानासाहेब काठी टेकत परतले. "अपील गेलं ना?"

"अधिकारपत्रच मिळालं नाही मला."

हे एकदम तोंडून निघालं, असं सांगणार होतो तुम्हाला. तसं नाही – दोन दिवस घोकलं होतं.

त्यांनी सखारामला बोलावलं. "म्या सोताच्या हातानं दिलं की ह्यास्नी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात – "इसरला असाल, रावसाहेब. कपाटात बघा येकदा."

तो मला वाट करून देत होता – कळतंय ना? पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. नानासाहेबांनी खिसे दाखवायला सांगितले तर? – डोक्यात एवढंच.

"मला काही मिळालेलं नाही," मी पुन्हा म्हणालो.

सखारामला त्याच दुपारी काढलं. पत्र मी घरी पाणी तापवायच्या बंबात जाळलं. पुढे कितीतरी दिवस गिरणीच्या फाटकाशी कुणी उभं दिसलं की मी मागच्या दारानं आत शिरायचो. तो ऊसतोडीला गेल्याचं ऐकलं तेव्हा हायसं वाटलं. हो, हायसं.

स्वातंत्र्यानंतरच्या हिवाळ्यात राहात्याच्या बाजारात तो अचानक समोर आला. सोबत बायको. हात उसाच्या पाचटानं चिरलेले. पळावंसं वाटलं.

"रावसाहेब," त्यानं विचारलं, "घावला का वो त्यो कागद?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. बायकोच्या डोक्यावरचं गाठोडं त्यानं नीट केलं आणि दोघं गर्दीतून पुढे गेली.