गुरुजींच्या घरचा मेन बोर्ड

आमचं सेलूला विजेच्या सामानाचं छोटं दुकान होतं. चार दिवस कुणाच्या घरी वायरिंग केलं, की खिशात तारेचे तुकडे आणि डोक्यात किस्से घेऊनच परतायचं. तुकडे भंगारात गेले, किस्से राहिले. हे सगळे एकाच घरचे. दत्तोपंत गुरुजींच्या घरचा मेन बोर्ड बदलायचा होता, आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तो बदलू द्यायचा नव्हता.

*

निमित्त झालं जावयाचं. त्यांनी पुण्याहून सोलरची एक प्लेट आणि बॅटरी पाठवली. संध्याकाळी लाईट जायचीच, तेव्हा गुरुजींना वाचता यावं म्हणून. प्लेट गच्चीवर चढली आणि गल्ली गोळा झाली. पेडगावहून आलेले गुरुजींचे एक पाहुणे बराच वेळ मान वर करून उभे होते. मग म्हणाले, "म्हंजे ऊन साठवायलात तुमी? आधी सांगायचं की. आमच्याकडं लय हाय, बैलगाडी भरून आणलं असतं."

*

अर्ज भरायचं काम माझ्याकडं. विजेच्या ऑफिसच्या कागदावर 'घरातील एकूण लोड' असा रकाना होता.

"काकू, घरात लोड किती आहे?"

"दोन. एकाचा कापूस निघालाय."

मी पेन खाली ठेवलं. आमचे मिस्त्री युनूसमामू स्टुलावर उभे होते. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "भरून घ्या काकू. रिकामा लोड मंजूर करत न्हाईत."

*

हसणं तिथंच थांबलं. कारण मामूंनी बोर्डाला पेचकस लावला, तशा काकू मधे येऊन उभ्या राहिल्या.

"काय लावायचं ते लावा. बोर्ड हलवायचा न्हाई."

बोर्ड लाकडी, अर्धा वाळवीनं खाल्लेला. पण तो त्यांच्या मुलानं, सुधाकरनं बसवला होता. आयटीआय झाल्यावरचं त्याचं पहिलं काम. प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या रंगानं नावं लिहिली होती, तीही खोल्यांची नव्हे, माणसांची. स्वयंपाकघराला 'आई', ओसरीला 'आण्णा', मधल्या खोलीला 'मी'.

सुधाकर जाऊन सहा वर्षं झाली होती. माझी पत्नी जाऊन तेव्हा आठ महिने. मी मामूंना खूण केली, आणि आम्ही हत्यारं गोळा करून अंगणात आलो.

*

बोर्ड राहिला तर राहिला, अर्थिंग तरी उरकू म्हणून मामूंनी खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरायला लागले. शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत होत्या. मीठ पडताच त्या किंचाळल्या, "गुरुजी, बाहेर या! हा माणूस करणी करायलाय!"

मामूंनी घाम पुसला. "करणीच हाय मावशी. ह्या घराला शॉक लागू न्हाई म्हणून."

दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "आमच्या घराला पण करता का?"

*

तिसऱ्या दिवशी बोर्डातून जळका वास आला. गुरुजींनी काकूंकडं बघितलं. काकूंनी पिशवी भरली.

"मी पालमला बहिणीकडं जाते. दोन दिवसांनी येते. माझ्यासमोर काढू नका."

एसटी हलली आणि बोर्ड निघाला. नव्या बोर्डावर सोलरचा आणि लाईनीचा स्विच शेजारी शेजारी बसला. नावं मी लिहिणार होतो. माझं अक्षर चांगलं, ब्रशही नवा आणला होता. सकाळी गेलो तर नावं लिहून झालेली.

जुना बोर्ड समोर टेकवून मामूंनी ती उतरवली होती. मामूंची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मराठी झकास बोलत, पण वाचायला एक अक्षर येत नसे. म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं, चित्र काढलं होतं. 'आण्णा'चा शेवटचा काना कलला होता तितकाच कललेला. 'मी'खाली सुधाकरच्या हातून रंगाचा एक थेंब ओघळला होता, तोसुद्धा.

"मामू, हा थेंब कशाला?"

"होता की. त्यात अक्षर कोणतं अन् थेंब कोणता, मला काय कळतंय?"

मी पुसायला फडकं घेतलं, तर रंग वाळलेला.

दुपारी काकू आल्या. पिशवी हातातच होती. बोर्डापुढं उभ्या राहिल्या. काकूंनी 'मी'वर बोट ठेवलं, तिथून ते सावकाश थेंबापर्यंत नेलं. मग मामूंकडं वळल्या.

"मिस्त्री, तुमाला कुठं भेटला होता सुधाकर?"