शेवटी येईल त्यानं कुलूप लावायचं

परवा रात्री आमच्या बिल्डिंगच्या गेटवर मला एक निरोप द्यायचा होता... तो देता आला नाही.

मानेवाड्यातली आमची छोटी बिल्डिंग. वॉचमन नाही. रात्री जो शेवटी येईल त्यानं गेटला कुलूप लावायचं, ही इथली जुनी पद्धत. किल्ली जिन्याखाली खिळ्याला टांगलेली असते.

गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या प्रभाकरकाकांचा मुलगा सौरभ अपघातात गेला. बारावीत होता. रात्री मित्राच्या बाइकवर रिंग रोडला चहा प्यायला गेला आणि परत आलाच नाही...

त्यानंतर बिल्डिंगनं ठरवलं, अठराच्या आतल्या मुलांनी रात्री दहापर्यंत घरी यायचं. त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी काकांनी स्वतःहून घेतली. इतवारीतलं भांड्यांचं दुकान बंद करून आले, दोन घास खाल्ले, की खुर्ची टाकून गेटपाशी.

मुलं वैतागली. शहरात असा नियम असावा का, यावर मी पेपरातल्या माझ्या सदरात दोन्ही बाजू शांतपणे लिहिल्यात. इथे तोच वाद जिन्यात ऐकू येऊ लागला.

त्यात काका गेटपाशी बसलेले बघून उशिरा येणारेही कुलूप त्यांच्यावर सोडून वर जात, आणि रोज सकाळी गेट उघडंच सापडायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या तन्वीनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "आम्हाले दहाले कोंडता, अन् गेट रात्रभर सताड उघडं! चोरांले कर्फ्यू नाही वाटते?"

सगळे हसले. काका मीटिंगला नव्हते. नियम रद्द करायचं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. "तुम्हाले एकट्याले नाही जमणार, मी येते," म्हणून तन्वीही खाली आली.

दहा वाजून गेले होते. काकांनी तिलाच विचारलं, "सगळे पोट्टे आले काय वं?"

"आले ना काका, सगळेच आले. मंग तुम्ही गेट काहून नाही लावत?"

काकांचा आवाज अगदी साधा होता. "मी कसा लावू वं? जो शेवटी येते, तो लावते ना."

तन्वीनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे...  "चला काका, झोपा आता," एवढंच म्हटलं.

"तू जाय गा. मी बसतो थोडा वेळ."

काल रात्री मी बाल्कनीत उभा होतो. मोठी माणसं सगळी आली होती, दहाच्या आधी मुलंही एकेक करून आत आली. तन्वी मात्र बाहेरच थांबली होती. धाकट्या भावालाही तिनं पुढे ढकललं. सगळे आत गेल्यावर ती आली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि काकांसमोर उभी राहिली.

"काका, आज मी शेवटची. लावू?"

काकांनी रस्त्याच्या टोकापर्यंत एकदा पाहिलं... मग म्हणाले, "लाव वं बाई."

कुलूप लागल्याचा आवाज वरपर्यंत आला. काका उठले. खुर्ची तन्वीनं उचलली.

नियम रद्द झाल्याचं अजून कोणी काकांना सांगितलेलं नाही. मुलांनीच सांगू नका म्हटलंय. आज सकाळी पेपर घ्यायला उतरलो, तर गेटला कुलूप होतं... ते बघून बरं वाटायला हवं होतं. पण शेवटी यायचा तो बाहेरच राहिला असं वाटलं, आणि उघडायला हात लवकर उचलला गेला नाही.